‘रेसिझम’ला मराठीत नेमकं काय म्हणू? एका वाक्यावर अडले आहे

शब्दसोबत:

नमस्कार. मी मुलाखतींची मराठी उपशीर्षकं लिहिते. पडद्याच्या तळाशी दोन ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, आणि माणूस जे बोलला ते त्यात बसवायचं. गेले चार दिवस एकाच वाक्यापाशी थांबले आहे.

मुलाखत एका परिचारिकेची आहे. परक्या देशातल्या एका रुग्णालयात तिनं अठरा वर्षं काम केलं. आपल्या वरिष्ठाबद्दल ती सांगते, की माणूस मायाळू होता. तिचा मुलगा आजारी होता तेव्हा त्यानं न मागता तिची पाळी बदलून दिली. ती निवृत्त झाली त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण अठरा वर्षांत पाच वेळा बढतीची संधी आली आणि पाचही वेळा, तिनंच शिकवून तयार केलेल्या गोऱ्या मुली पुढे गेल्या. तिनं विचारलं की तो म्हणायचा, "रुग्णांचे नातेवाईक तुझं ऐकणार नाहीत. तुला त्रास होईल. मला तुझी काळजी वाटते."

आणि मग ती म्हणते, की ते रेसिझमच होतं, पण त्यानं माझा द्वेष कधीच केला नाही.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, "तो वर्णद्वेषच होता. पण त्यानं माझा द्वेष कधीच केला नाही." वाचून बघा. दुसरं वाक्य पहिल्याला खोडून काढतं. इतकं जपून, इतकं नेमकं बोललेली बाई माझ्या दोन ओळींत गोंधळलेली वाटते. हे मला सहन होत नाहीये.

मग ‘वंशवाद’ लिहून पाहिलं. बहिणीला वाचायला दिलं तर तिनं विचारलं, "म्हणजे घराणेशाही का? त्याच्या नात्यातल्या होत्या का त्या मुली?"

‘रेसिझम’ असंच ठेवता येईल हे ठाऊक आहे. पण ही मुलाखत माझ्या आईच्या वयाच्या बायकाही बघणार आहेत आणि मला त्यांच्यापर्यंत पोचायचं आहे. कोशातली यादी माझ्याकडे आहे: वर्णद्वेष, वर्णभेद, वंशद्वेष, वंशभेद, वंशवाद, वांशिक भेदभाव, वांशिक पूर्वग्रह. यातला कोणता शब्द कुठे चालतो आणि का, हे कुणी सांगेल का?


सीमारेषा:

‘वर्णद्वेष’च ठेवा. रुळलेला शब्द आहे. दक्षिण आफ्रिका १९७० पासून १९९१ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या बाहेर होती, ती कशामुळे, तर वर्णद्वेषामुळे, हे वाचतच आम्ही मोठे झालो. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत भारताचा गोलंदाज सिराजनं शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांची तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं, तेव्हाही मराठीत सगळीकडे ‘वर्णद्वेषी शेरेबाजी’च छापून आलं. नवीन शब्द आणलात तर लोक शब्दापाशीच अडतील आणि बाईंचं म्हणणं निसटेल.


फळा-खडू:

सीमारेषा यांच्याशी अर्धी सहमत आहे. सिडनीला जे झालं ते शिवीगाळच होतं, तिथे ‘वर्णद्वेषी’ अगदी बरोबर बसतं.

पण ‘वर्ण’ या शब्दाची माझी अडचण वेगळी आहे. मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. एका मुलानं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, की नेल्सन मंडेला यांनी चार वर्णांच्या विरुद्ध लढा दिला. मी तो पेपर हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मुलगा हुशार होता, पाठांतर करणारा नव्हता. त्यानं डोकं चालवलं होतं. त्याला ‘वर्ण’ माहीत होता तो चातुर्वर्ण्यातला, त्यावरून त्यानं अर्थ लावला. चूक त्याची नव्हती. आपण एकाच शब्दावर कातडीचा रंग, समाजाची उतरंड आणि वर्णमालेतलं अक्षर असं तिन्हींचं ओझं टाकलं आहे.

आणि हा निव्वळ परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नाही. जात आणि वंश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच ठामपणे मांडलं होतं. जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या माणसांची ती सामाजिक विभागणी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदातही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द वेगवेगळे दिले आहेत. तिथे ‘वंश’ आहे, ‘वर्ण’ नाही. मग आपण ‘वर्ण’ का धरून बसलो आहोत?

हे लिहिताना एक गोष्ट मात्र विसरायची नाही. दोन्ही अन्याय वेगळे आहेत म्हणून एकमेकांना अनोळखी नाहीत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांना साम्य दिसत होतं. साम्य दाखवायचं तर आधी दोन्हींना स्वतःची नावं हवीत, असं मला वाटतं.


जुना मुद्रितशोधक:

मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. तारेवर आलेल्या इंग्रजी बातमीत हा शब्द दिसला की भाषांतर करणारा ‘वर्णद्वेष’ लिहायचा आणि मी पुढे सोडायचो. कधी थांबून विचार केला नाही. त्यामुळे हा शब्द रुळला त्यात माझाही हात आहे, हे आधी सांगतो.

शब्दसोबत, तुम्ही नेमकी जी जागा दाखवलीत तिथेच तो शब्द फाटतो. ‘द्वेष’ ही मनातली गोष्ट आहे. समोरचा म्हणतो, "माझ्या मनात तसं काही नाही हो", आणि संभाषण संपतं. कारण मन कुणी उघडून बघितलेलं नसतं. शब्दानंच त्याला पळवाट काढून दिलेली असते. तुमच्या परिचारिकेचा वरिष्ठ शपथेवर सांगेल की त्याला तिच्याबद्दल माया होती, आणि ते खरंही असेल. पाच बढत्या गेल्या त्या गेल्याच.

माझी जुनी सवय अशी, की नामावर अडलो की त्याला क्रियापद लावून बघायचं. द्वेष वाटतो, द्वेष करतो. पूर्वग्रह असतो, बाळगतो. आपण बोलताना ‘ग्रह करून घेतला’ म्हणतो तोच हा ग्रह, माणूस समोर यायच्या आधीच पकडून ठेवलेला. वाद मांडतात, मानतात. आणि भेद? भेद करतात. भेद पाळतात. तो हातून घडतो. त्याला साक्षीदार असतात, तारखा असतात, बढतीच्या याद्या असतात. तुमच्या वाक्यात जे घडलं ते हातून घडलेलं आहे.

म्हणून माझं मत ‘वंशभेद’. कुणी म्हणेल, भेद म्हणजे नुसता फरक. ‘मतभेद’मध्ये तसं आहे खरं. पण ‘जातिभेद’, ‘लिंगभेद’ वाचताना मराठी माणसाला फरक आठवत नाही, अन्याय आठवतो. ‘वंशभेद’ त्याच ओळीत जाऊन बसतो, नवीन वाटत नाही.

‘वंश’बद्दलही थोडं. मुळात वंश म्हणजे वेळू, बांबू. म्हणून बासरी ती वंशी, म्हणून पाठीचा कणा तो पृष्ठवंश. पेरावर पेर चढत जातं तशी पिढीवर पिढी, या कल्पनेतून तो कुळाला लागला आणि तिथून माणसांच्या मोठ्या गटांना. तुमच्या बहिणीला घराणेशाही आठवली ती उगीच नाही. हिंदीत ‘वंशवाद’ राजकारणातल्या घराणेशाहीला सर्रास म्हणतात, आणि हिंदी बातम्या आपल्या कानावर पडतच असतात. मराठीत घराणेशाहीला ‘घराणेशाही’ हा पक्का शब्द आहे, त्यामुळे ‘वंशवाद’ आपल्याला या कामासाठी मोकळा आहे. पण तो एकट्या वाक्यात सुटा टाकू नका. मागेपुढे संदर्भ असेल तिथेच चालेल.

आता सीमारेषा यांच्या दक्षिण आफ्रिकेकडे येतो, कारण ‘वर्ण’ हा शब्द तिथेसुद्धा पुरत नाही. तिथल्या त्या राजवटीच्या धोरणाचं नाव ‘अपार्थाइड’. हा आफ्रिकान्स शब्द, अर्थ ‘वेगळेपण’. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि १९५० च्या कायद्यानं प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद सुरू झाली. आता बघा, केस किती कुरळे आहेत ते ठरवायला डोक्यात पेन्सिल खोचून बघत. ती पडली तर एक गट, अडकली तर दुसरा. हा रंग आहे का? १९६० च्या दशकात व्यापाराच्या सोयीसाठी जपानी लोकांना ‘मानद गोरे’ ठरवलं गेलं, चिनी लोकांना मात्र तो दर्जा दिला नाही. तिथे कातडीचा रंग कुठे आला? सरकारनं रेघ आखायची आणि माणसाला इकडे किंवा तिकडे ढकलायचं, असा तो कारभार होता. द्वेष त्यात होताच, पण अर्ज, शिक्के, नोंदवह्या जास्त होत्या.

नाझींचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. १९३५ चे न्यूरेंबर्गचे कायदे आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पूरक आदेश निघाला. ज्यू कोण, हे ठरवायला त्यांनी आजी-आजोबा मोजले. चारांपैकी तीन ज्यू, की माणूस ज्यू. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचा रंग सारखाच असायचा. ‘रेसिझम’ हा शब्द जगभर रुळला तोच मुळी १९३० च्या दशकात, या नाझी विचाराला नाव देताना. आणि आपण त्याचं भाषांतर ‘वर्ण’ घालून करतो!

राहिला कायदा. संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर १९६५ ला वांशिक भेदभावाविरुद्धचा करार स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात आधार दिलेत ते असे: वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. म्हणजे वर्ण हा पाचांतला एक. आणि त्याच कलमात म्हटलं आहे, की हक्क हिरावण्याचा हेतू असो किंवा तसा परिणाम होत असो, दोन्ही भेदभावच. ‘किंवा परिणाम’ या दोन शब्दांत तुमच्या परिचारिकेची अठरा वर्षं आली. द्वेष सिद्ध करायची सक्ती तिच्यावर नाही.

लांबलं. पण इतकी वर्षं न केलेला विचार एकदम बाहेर आला.


दूरदेशी:

काकांचं पटलं. मला स्वतःचं एक सांगायचं आहे, म्हणजे शब्द नसला की काय होतं ते कळेल.

मी अकरा वर्षं बाहेर होतो. पहिल्या वर्षी भाड्याची खोली शोधत होतो. फोन केला की खोली रिकामी असायची. दारात उभा राहिलो की "अरेरे, आत्ताच गेली." तीन ठिकाणी असं झालं. चौथ्या ठिकाणची बाई फारच सौजन्यानं बोलली, पाऊस होता म्हणून मला दारात थांबवून छत्री आणून दिली, आणि खोली गेली म्हणाली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका गोऱ्या मुलानं अर्ध्या तासानं तिला फोन केला. खोली रिकामी होती. ती छत्री पुढे कित्येक दिवस माझ्याकडे होती, परत द्यायला जायचं धैर्य झालं नाही.

त्या रात्री आईचा फोन आला. काय झालं हे तिला सांगता आलं नाही. ‘वर्णद्वेष’ म्हणालो असतो तर कुणीतरी मला मारलं असंच तिला वाटलं असतं, आणि मला मारलं नव्हतं, मला छत्री दिली होती. मी म्हणालो, "इथे खोल्यांची जरा टंचाई आहे." अकरा वर्षं मी टंचाईच सांगत राहिलो.

म्हणून ताई, तुम्ही या वाक्यावर चार दिवस थांबलात याचं मला फार बरं वाटलं.


फळा-खडू:

दूरदेशी, वाचून गलबलून आलं.

ताई, अजून एक पर्याय सुचतो. आईच्या वयाच्या बायकांसाठी ‘दुजाभाव’ कसा वाटतो? किंवा सरळ ‘डावं-उजवं करणं’? "माझ्या वंशावरून त्यानं डावं-उजवं केलं, पण द्वेष कधी केला नाही." कुणालाही कळेल.


दूरदेशी:

कळेल, पण बोथट होईल. डावं-उजवं भावंडांत होतं, सुनांमध्ये होतं. तिथे रुसून बसता येतं, समजूत निघते. त्या परिचारिकेनं स्वतः कडक शब्द वापरला आहे आणि मग त्या माणसाला द्वेषातून मोकळं केलं आहे. पहिला भाग मऊ केलात तर दुसऱ्या भागातला तिचा मोठेपणाही जाईल.


सूक्ष्मदर्शक:

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून मध्ये बोलते. ‘वंश’ हा शब्द वापरल्यानं वंश खरोखर असतात असं आपण मान्य करत नाही का? युनेस्कोनं १९५० मध्येच निवेदन काढून वंश ही जैविक वस्तुस्थितीपेक्षा सामाजिक समजूत आहे असं म्हटलं होतं. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी हिशेब मांडला, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतच सापडतात. म्हणजे जी रेघ ओढून लोक भांडतात ती रेघ शरीरात सापडतच नाही. त्याऐवजी ‘रंगभेद’ म्हणावं का? रंग निदान दिसतो तरी.


जुना मुद्रितशोधक:

मुली, तुझं शास्त्र बरोबर आहे. पण भूत नसलं तरी भुताला भिऊन बंद ठेवलेली खोली खरी असते. दूरदेशी यांना न मिळालेली खोली खरीच होती.

‘वंशवाद’मधला ‘वाद’ इथे उपयोगी पडतो. वाद म्हणजे कुणीतरी मांडलेलं मत. शब्द आपोआप सांगतो की वंश मानणारे, त्यांची उतरंड लावणारे लोक आहेत. वंश आहेतच असं तो म्हणत नाही. म्हणून विचारसरणीबद्दल बोलायचं तिथे ‘वंशवाद’, आणि कृतीबद्दल बोलायचं तिथे ‘वंशभेद’. शिव्या, धमक्या, मारहाण असेल तर ‘वंशद्वेष’, किंवा रंगावरूनच असेल तर ‘वर्णद्वेष’. ‘रंगभेद’ मी कातडीच्या उजळपणावरून होणाऱ्या वागणुकीसाठी राखून ठेवीन. तो एकाच घरातल्या दोन बहिणींतही होतो, आणि तो वेगळाच विषय आहे.

अजून एक कसोटी. १९६७ मध्ये अमेरिकेत स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी संस्थेत मुरलेल्या वंशवादाला वेगळं नाव दिलं, ‘इन्स्टिट्यूशनल रेसिझम’. १९९३ मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. तपासाची चौकशी होऊन १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवाल आला, त्यानं तेच नाव लंडनच्या पोलीस दलाला लावलं. नकळत असलेला पूर्वग्रह, अज्ञान, अविचार यांतूनही हे घडतं, असं त्यात स्पष्ट आहे. आता याला ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ म्हणून बघ. संस्था द्वेष कसा करील? तिला मन कुठे आहे? ‘संस्थात्मक वंशभेद’ म्हटलं की लगेच फायली, नेमणुका, दुर्लक्षित तक्रारी डोळ्यांसमोर येतात.


सीमारेषा:

मी माझं पहिलं मत मागे घेतो. मैदानावरच्या शिव्यांना ‘वर्णद्वेष’ म्हणत राहीन. पण मला जो रुळलेला वाटत होता तो शब्द फक्त ओरडणाऱ्या लोकांसाठीच होता, हे लक्षात आलं नव्हतं. छत्री देणारी बाई त्यात बसत नाही.


शब्दसोबत:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा बसले. आता वाक्य असं आहे:

"तो वंशभेदच होता.
द्वेष त्यानं माझा कधीच केला नाही."

काकांनी शब्द दिला. ‘द्वेष’ पुढे आणला तो मात्र दूरदेशी यांचं वाचून. "पण त्यानं माझा द्वेष..." असं लिहिलं की सगळा जोर ‘पण’वर जातो आणि ती त्याची बाजू घेते आहे असं वाटतं. ‘पण’ काढून ‘द्वेष’ आधी ठेवला तेव्हा दोन्ही ओळी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मुलाखतीत ती तशीच बोलते, मध्ये श्वास घेऊन.

इतर दोन जागाही बदलल्या. एके ठिकाणी एक रुग्ण तिच्या हातून सुई टोचून घ्यायला नकार देतो आणि रंगावरून घाण बोलतो, तिथे ‘वर्णद्वेष’ ठेवला आहे. शेवटी ती रुग्णालयाच्या कारभाराबद्दल बोलते, तिथे ‘वंशवाद’, कारण तोवर प्रेक्षकाला संदर्भ कळलेला असतो. बहिणीला पुन्हा दाखवलं. या वेळी तिनं शब्दाबद्दल काहीच विचारलं नाही. "पाचव्या वेळेला तरी कुणी बोललं नाही का गं?" असं विचारलं.

आज त्या परिचारिकेशी बोलणं झालं. तिला मराठी येत नाही. तिनं मला दोनच गोष्टी विचारल्या: तो वाईट माणूस होता असं तर तुम्ही लिहिलं नाहीत ना? आणि जे झालं ते किरकोळ होतं असं तर लिहिलं नाहीत ना? दोन्ही नाही, असं मी तिला सांगू शकले. उद्या फाईल पाठवते आहे.